उजव्या जाळीमागचं झाकण

त्याला सगळे आरसा मिस्त्री म्हणायचे, आणि हे नाव त्याने कधी झटकून टाकलं नाही. ठोकलेल्या गाडीचं तोंड तो असं सरळ करून द्यायचा की डावी बाजू बघावी आणि उजवी ओळखावी. दिव्याखालची फट डावीकडे चार मिलिमीटर असेल तर उजवीकडेही चारच. साडेचार निघाली की बंपर पुन्हा खाली. त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "लग्नाच्या फोटोत माझा डावा खांदा जरा खाली आलाय, हे ह्यांनी मला सव्वीस वर्षं ऐकवलंय." माणूस वाईट नव्हता. फक्त जगाला दोन बाजू आहेत आणि त्या सारख्या असायला हव्यात, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

हल्लीच्या गाड्यांच्या बंपरला दोन्ही कोपऱ्यांत मोठाली भोकं असतात. काळी जाळी लावलेली, रागीट. गाडी नुसती उभी असली तरी कुणाच्या तरी अंगावर धावून जाणार असं वाटतं. गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "मिस्त्री, ह्या भोकांचा उपयोग काय हो?" मग मिस्त्री जाळीच्या कडेने बोट घालून मागे टकटक करून दाखवायचा. मागे प्लास्टिक वाजायचं.

"हा बघा उपयोग," तो म्हणायचा. "शोभा! मागून बंद आहे. वारा आतच जात नाही, तर गार काय करणार, कपाळ?"

शंभरातल्या नव्वद गाड्यांच्या बाबतीत हे खरंच होतं. उरलेल्या दहांशी त्याची फारशी ओळख नव्हती. आणि नव्वद वेळा बरोबर ठरलेला माणूस एक्क्याण्णवाव्या वेळी बोट वाजवायचंसुद्धा सोडून देतो.

भिंतीपलीकडे त्याचा धाकटा भाऊ. शेड एकच, वडिलांनी बांधलेली. मधली पत्र्याची भिंत मात्र ह्या दोघांची, पंधरा वर्षांपूर्वीची. अलीकडे ठोकाठोकी, पुट्टी आणि रंग. पलीकडे इंजिन, गिअर, ब्रेक. झालं होतं असं की एका गिऱ्हाइकासमोर धाकट्याने थोरल्याच्या कामातली चूक दाखवली, लगेच थोरल्याने धाकट्याच्या कामातली, आणि दोन्ही चुका खऱ्या होत्या. खोट्या असत्या तर भांडण संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. त्या दिवशी कायदा झाला की तुझ्या कामाला मी बोट लावणार नाही, माझ्या कामाला तू लावायचं नाही. गाडी धाकट्याकडे लिफ्टवर चढायची, तिथे बंपर उतरायचा, भिंतीतल्या दारातून थोरल्याकडे यायचा आणि नवा होऊन त्याच दारातून परत जायचा. तो कसा झालाय ह्यावर धाकट्याने अवाक्षर काढायचं नाही. घरी दोघे एकमेकांच्या पोरांचे लाड करायचे, पण शेडमध्ये कामाचा विषय निघाला की मूग गिळून बसायचे.

दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी आली ती अशीच. करड्या रंगाची, चार दारांची, पण मनाने शर्यतीतली. बाईंनी ती दवाखान्याच्या फाटकाला घासली होती आणि बंपरचा उजवा कोपरा फाटला होता. गिअरचं तेलही बदलायला झालं होतं. गाडी पलीकडे लिफ्टवर गेली आणि बंपर मिस्त्रीच्या कामाच्या लाकडी घोड्यावर येऊन पडला.

मिस्त्रीने तो पालथा केला. डाव्या जाळीमागे झाकण होतं. उजवीकडे काहीच नव्हतं, भोक आरपार. हात घातला तर पलीकडे स्वतःची बोटं दिसली. झाकण बसवायच्या चार खाचा मात्र तिथेही होत्या. मिस्त्रीने तिथल्या तिथे निदान केलं की धडक उजवीकडे बसली, तेव्हाच इथलं झाकण फुटून पडलं. पलीकडे जाऊन उघड्या गाडीकडे एकदा बघितलं असतं तर त्या भोकामागे काय बसवलंय ते दिसलं असतं. पण पलीकडे जायचं नाही, हा तर कायदाच होता.

त्याने डाव्या झाकणाचा कागदावर ठसा घेतला, कागद उलटा केला, काळ्या प्लास्टिकचा तक्ता गरम करून त्या बेताचा कापला आणि कडा घासून चारही खाचांत बसवला. वरून फटी बुजवायला थोडं सीलंट फिरवलं. अर्धा दिवस गेला. हे काम कुणी मागितलं नव्हतं आणि कुणाला दिसणारही नव्हतं. म्हणूनच त्याला त्याचा जास्त अभिमान वाटला.

गुरुवारी बाई गाडी न्यायला आल्या. पुढून बघितलं, वाकून बघितलं. "कुठे लागलं होतं तेच कळत नाही," त्या म्हणाल्या. "बरं झालं वेळेवर दिलीत. शनिवारी बाबांना घेऊन डोंगरापलीकडे जायचंय, जुन्या घरी. ते पंच्याऐंशीचे आहेत, वाटेत काही अडचण नको."

"बिनघोर जा," मिस्त्री म्हणाला.

शनिवारी दुपारी तो क्लिपा आणायला सुट्या भागांच्या दुकानात गेला. दुकानदाराने नुकताच एक खोका फोडला होता आणि आतला कोरा बंपर काउंटरला टेकवून उभा केला होता. तेच मॉडेल. अजून रंगही लागला नव्हता. क्लिपा मोजून होईपर्यंत उगीच चाळा म्हणून मिस्त्रीने डाव्या जाळीतून बोट घातलं. टकटक. मग उजव्या जाळीतून घातलं. बोट सरळ पलीकडे गेलं.

"हा फुटका आलाय," तो म्हणाला.

"फुटका कसला?" दुकानदार हसला. "आत्ता तुमच्यासमोर काढला ना खोक्यातून? ह्याचं असंच असतं, मिस्त्री. उजवीकडे मागे कसलातरी कूलर बसतो, त्याला वारा लागतो. डावीकडे नुसती शोभा. तुम्हाला माहीत नाही?"

मिस्त्रीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. एक वाजायला दहा मिनिटं. आज शनिवार. क्लिपा काउंटरवर तशाच राहिल्या.

रस्त्यात येऊन त्याने बाईंना फोन लावला. घंटा वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दवाखान्यात लावला तर तिथल्या मदतनीस मुलीने सांगितलं, "मॅडम साडेबारालाच निघाल्या. आजोबा आहेत सोबत. गाडी चालवताना त्या फोन घेत नाहीत, तुम्ही संध्याकाळी करा ना."

शेडपर्यंतच्या पाच मिनिटांच्या वाटेत त्याच्या मनात जे आलं ते त्याच्या बाजूने बोलण्यासारखं नव्हतं. त्याला वाटलं, कसला तो कूलर, कशाचा, कोण जाणे. नसेलही एवढा महत्त्वाचा. बाई पोचतील, परत येतील, आपण काहीतरी निमित्त काढून बंपर उतरवू आणि झाकण गुपचूप काढून टाकू. कुणाला काही कळणार नाही. मग त्याला गुरुवारचं आपलंच "बिनघोर जा" आठवलं आणि तो झपझप चालू लागला. कूलर कशाचा आहे हे सांगू शकेल असा एकच माणूस होता. तो भिंतीपलीकडे होता.

त्या दारातून पंधरा वर्षांत शेकडो बंपर गेले असतील. कामाचं विचारायला माणूस कधी गेला नव्हता. धाकटा एका गाडीखाली आडवा होता, फक्त बूट दिसत होते. मिस्त्री त्या बुटांशी बोलला.

"तुझ्याशी जरा कामाचं बोलायचंय."

बूट हलायचे थांबले. धाकटा सरपटत बाहेर आला आणि उताणाच त्याच्याकडे बघत राहिला. "घरी सगळं ठीक आहे ना, दादा?"

"डॉक्टरीणबाईंची गाडी. उजव्या जाळीमागे काय असतं?"

"गिअरच्या तेलाचा कूलर. का?"

"मी ती मागून बंद केलीय."

धाकटा उठून बसला. "बंद म्हणजे? पूर्ण?"

"मुंगीसुद्धा जाणार नाही," मिस्त्री म्हणाला. सवयीने तोंडातून निघालेली ही बढाई कानावर आली तेव्हा त्याला स्वतःचीच शिसारी आली.

हात न पुसताच धाकट्याने पिकअपची किल्ली उचलली.

"गावात फिरवली तर जन्मात कळणार नाही," गाव मागे पडल्यावर तो म्हणाला. "गिअरला फार ताणच येत नाही. पण अकरा किलोमीटरचा चढ, त्यात ही दुपार. तेल तापत जातं. एका हद्दीनंतर गाडी स्वतःला वाचवायला जोर काढून घेते. पाय कितीही दाबा, ती ढिम्म."

"आणि मग?"

"मग कडेला घ्यायची."

"आणि कडाच नसली तर?"

धाकट्याने पिकअपचा वेग वाढवला. त्या रस्त्यावर शेवटच्या तीन किलोमीटरांत एका हाताला कापलेला डोंगर आणि दुसऱ्या हाताला कठडा होता, कडेला सायकल उभी करायलाही जागा नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. आणि शनिवारी दुपारी तिथून खडीचे ट्रक चढतात, हेही.

मिस्त्री फोन लावत राहिला. आता तर घंटाही वाजेना, नुसतीच फोनमधली बाई सांगायची की संपर्क होत नाही. पिकअप पहिल्या वळणाला लागली. धाकटा गिअर खाली टाकून गाडी रेटत होता आणि समोरच बघत होता.

"दादा, एक सांगू? बंपर चढवताना माझ्या हाताला काहीतरी लागलं होतं. आतून. कूलरच्या तोंडाशी काहीतरी आहे असं वाटलं."

मिस्त्रीने मान वळवली.

"तुला विचारायला दारापर्यंत आलो होतो," धाकटा म्हणाला. "तू रंगाला पॉलिश मारत होतास. म्हटलं, जाऊ दे. दादाने केलंय तर विचार करूनच केलं असेल. आणि विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, बोट लावू नकोस."

"म्हणालो असतो," मिस्त्री कबूल झाला. दुसरं काय म्हणणार?

आठव्या किलोमीटरला रांग लागली. पुढच्या गाड्या इंजिन बंद करून उभ्या होत्या, लोक खाली उतरून वर बघत होते. वरून एक मोटारसायकलवाला सावकाश खाली येत होता, त्याला धाकट्याने हात केला.

"वर एक गाडी बंद पडलीय भर वळणात," तो म्हणाला. "मागून खडीचा ट्रक आला. डोंगरात घातला त्याने."

"गाडीला लागला?"

"गर्दी होती, नीट दिसलं नाही. रस्त्यावर काचाच काचा आहेत."

पिकअप तिथेच सोडून दोघे पळत सुटले. मिस्त्री छप्पन्न वर्षांचा, आणि उजवा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरणारा. तरी तो धाकट्याच्या पुढे होता. तो मनातल्या मनात एकच गोष्ट घोकत होता, की म्हातारा मागच्या सीटवर बसला नसू दे. मागे बसला नसू दे.

वळणाच्या अलीकडेच काचा लागल्या आणि तो थबकला. गुडघ्यांवर हात टेकून त्याने त्या वाचायला सुरुवात केली. सगळा जन्म फुटक्या गाड्यांत गेलेल्या माणसाला तुकडे बोलतात. ही काच जाड, रेघारेघांची, ट्रकच्या दिव्याची. हा पत्र्याचा पोपडा पिवळा, ट्रकचा. हे काळं प्लास्टिक आरशाचं, पण मोठ्या आरशाचं, तेही ट्रकचंच. त्याने पायाने तुकडे सारून बघितले. गाडीच्या मागच्या दिव्याची लाल काच नव्हती. करड्या रंगाचा कपचाही नव्हता. तेव्हा कुठे त्याने श्वास घेतला.

"चल," धाकटा म्हणाला आणि त्याने दादाचा दंड धरला.

वळणापलीकडे गाडी उभी होती, शाबूत. तिच्या मागे हातभर अंतरावर ट्रकचा मागचा कोपरा आडवा आला होता आणि ट्रकचं तोंड डोंगरात घुसलं होतं. म्हातारेबुवा कठड्याजवळ एका दगडावर बसले होते. त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती. ट्रकचा ड्रायव्हर चाकाला टेकून जमिनीवर बसला होता आणि डॉक्टरीणबाई त्याचा उजवा हात ओढणीने गळ्यात बांधत होत्या. मनगट सुजून फुगलं होतं.

बाईंनी वर बघितलं आणि त्यांना धाकटा दिसला.

"तुम्ही!" त्या उठल्याच. "काय तेल घातलंत त्यात? चढावर गाडी एकदम मेली. पडद्यावर लाल खूण आली आणि पायाखाली काही उरलंच नाही. मागे हा ट्रक! माझे बाबा मागच्या सीटवर होते, कळतंय का तुम्हाला? ह्या माणसाने स्वतःची गाडी डोंगरात घातली म्हणून आम्ही उभे आहोत. आठ दिवस पण झाले नाहीत तुम्ही तेल बदलून!"

धाकटा मान खाली घालून उभा राहिला. मग म्हणाला, "चूक झाली, डॉक्टर. आमच्याकडून झाली."

त्या 'आमच्याकडून'मध्ये लपायला भरपूर जागा होती. मिस्त्रीला ती दिसली. धाकट्याने ती त्याच्यासाठीच मोकळी करून ठेवली होती, आणि खरं सांगायचं तर एक क्षणभर मिस्त्री तिच्यात शिरून उभाही राहिला.

"तेल चांगलं आहे," मग तो म्हणाला. "त्याचा काही दोष नाही. मी केलंय."

तो गाडीसमोर रस्त्यावरच आडवा झाला. खिशातला पेचकस त्याने उजव्या जाळीत घुसवला. गुरुवारी ह्याच जाळीवरून त्याने मऊ फडकं फिरवलं होतं. आता त्याने ती चार ठिकाणी फाडली, मागच्या झाकणाच्या कडेत पेचकस अडकवला आणि जोर लावला. सीलंट हटेना. काम पक्कं होतं. शेवटी कट्‌ आवाज झाला, झाकण निखळलं आणि आतून तापलेल्या तेलाचा वास आला. ते झाकण हातात घेऊन तो उठला.

"हे मी लावलं होतं," तो म्हणाला. "ह्याने वारा अडला. त्याने गिअरचं तेल तापलं."

बाईंनी ते हातात घेतलं, उलटंपालटं करून बघितलं. "हे लावायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही."

"मग का लावलंत?"

"डावीकडे होतं म्हणून."

खाली रांगेत कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. मग चाकाला टेकलेला ट्रकवाला शांतपणे म्हणाला, "म्हणजे दोन्हीकडे सारखं दिसावं म्हणून माझा हात गेला?"

शरमेने मिस्त्रीला तिथे उभं राहवेना, पण तो हललाही नाही. "हो," तो म्हणाला.

पुढचा तासभर कामात गेला, आणि काम होतं म्हणून बरं झालं. गाडी गार झाल्यावर धाकट्याने तेल तपासलं, इंजिन चालू करून कान लावला आणि गाडी स्वतः सावकाश वर घाटमाथ्यावरच्या बोगद्याच्या तोंडाशी नेऊन लावली. खालून क्रेन आली. बाई ट्रकवाल्याला आपल्याच गाडीत घेऊन पलीकडच्या इस्पितळात जायला निघाल्या. जाताना त्यांनी काच खाली केली आणि मिस्त्रीकडे बघितलं.

"तुम्ही आला नसतात तर मला हे कधी कळलं नसतं," त्या म्हणाल्या. त्यात आभार नव्हते, पण राग ओसरला होता. म्हातारेबुवांनी मागून हात वर केला.

रस्ता मोकळा झाला. मिस्त्री कठड्यावर बसून राहिला. धाकटा शेजारी येऊन टेकला.

"संपलं, दादा," तो म्हणाला. "त्या ट्रकवाल्याच्या हाताचं आपण दोघं बघू. बाई कुठे बोलायच्या नाहीत. घरी कुणाला सांगायची गरज नाही. चल."

मिस्त्री हातांकडे बघत होता. डोकं शांत झाल्यावर त्या हातांना एकेक आठवायला लागलं होतं. तोच कागदाचा ठसा, तोच उलटा करायचा, त्याच चार खाचा.

"अजून दोन आहेत," तो म्हणाला.

"काय दोन?"

"हेच मॉडेल. एक काळी, पोहायला शिकवतात त्या मास्तरांची. एक पांढरी, तिच्या मालकाने ती पुढे विकली, कुणाला ते ठाऊक नाही. त्यांचंही उजवं झाकण पडलंय असंच मला वाटलं होतं. तिन्ही गाड्यांचं तेच झाकण कसं पडेल, हे मला एकदाही सुचलं नाही." त्याने हात मांडीवर पुसले. "एकदाही नाही रे."

धाकटा त्याच्याकडे वळला. "गावभर होईल, दादा."

"होऊ दे."

"पांढरी मी शोधतो," धाकटा म्हणाला. "काळीला तू फोन लाव."

फोन दुसऱ्याच घंटेला उचलला गेला. पोहण्याचे मास्तर मोठ्याने बोलणारा माणूस, धाकट्यालाही सगळं ऐकू येत होतं. "अरे मिस्त्री! शंभर वर्षं आयुष्य तुम्हाला! आत्ताच मेहुण्याला तुमचं काम दाखवत होतो. त्याला म्हटलं, कोणती बाजू ठोकली होती ते ओळखून दाखव. पाच मिनिटं झाली, बघतोच आहे!"

"त्यासाठीच फोन केलाय," मिस्त्री म्हणाला. "गाडी माझ्याकडे घेऊन या. आजच या. आणि मास्तर, चढाच्या रस्त्याने येऊ नका."